डोक्यातला कोंडा आणि तेलाची वाटी

वृद्ध माणूस वारंवार डोके खाजवू लागला की घरात सर्वप्रथम तेलाची वाटी पुढे येते. चंद्रपूर शहरात ती खोबरेलाची असेल, एटापल्ली-भामरागडकडील एखाद्या टोल्यावर मोहाच्या बियांच्या तेलाची असेल, कोठे करंजाचे तेल कोमट करून आणले जाईल. सून किंवा नात आजींच्या मागे बसते, केसांचे भांग पाडते आणि बोटांनी हळूहळू तेल मुरवते. आजींना बरे वाटते. केसांतला पांढरा भुगा दिसेनासा होतो. दोन-तीन दिवसांनी मात्र तोच भुगा अधिक जाड, किंचित पिवळसर आणि चिकट खपल्यांच्या रूपाने परत येतो, आणि घरातील मंडळी एकमेकांना सांगतात, ‘टाळू फार कोरडी पडली आहे, तेल कमी पडले.’ वाटी पुन्हा भरली जाते.

प्रस्तुत लेख या वाटीविषयीच आहे. उतारवयात दिसणाऱ्या कोंड्याच्या पुष्कळ प्रकरणांत मुरवलेले तेल औषध न ठरता दुखण्याचे खाद्य ठरते, आणि जी खाज तीन-चार आठवड्यांत आटोक्यात यावी ती वर्षानुवर्षे रेंगाळते. तिला ‘साधी खाज’ म्हणून सोडून देणे सोपे असते, कारण तिने कोणी दगावत नाही. परंतु रात्री तीनदा झोप मोडणारा माणूस दिवसा चिडचिडा होतो, त्याचा तोल जातो, तो पडतो. नखांनी टाळू सोलवटते आणि मधुमेह असल्यास त्या ओरखड्यांत पू धरतो. शिवाय खांद्यावर सांडलेला भुगा कोणी पाहील या संकोचाने कितीतरी आजोबा भजनाला आणि लग्नकार्याला जाणे सोडून देतात. कारण विचारल्यास गुडघ्यांचे सांगतात.

कोंडा कशाने होतो

(टाळू हा शब्द येथे डोक्याच्या केसाळ भागातील संपूर्ण त्वचेसाठी वापरला आहे.)

सौम्य स्वरूपात ज्याला आपण कोंडा म्हणतो, त्याचेच तीव्र रूप म्हणजे ‘सेबोऱ्हिक डर्मटायटिस’. टाळूवर तेलकट, पिवळसर खपल्या धरतात, खालची त्वचा लालसर किंवा सावळ्या वर्णावर थोडी फिकट दिसते, आणि खाज असते. ही लक्षणे केवळ डोक्यापुरती राहत नाहीत. भुवया, नाकाच्या दोन्ही बाजूंच्या घड्या, कानांमागील खोबण, दाढीची जागा, पुरुषांच्या छातीचा मधला भाग, म्हणजे जेथे जेथे त्वचेच्या तैलग्रंथी अधिक आहेत, तेथे तेथे ती डोकावतात. आजोबांच्या भुवयांत पांढरा चुरा दिसला तर डोक्यातील कोंडा आणि तो एकाच कुळातले समजावे.

हे दुखणे नवे नाही. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या यादीत ‘दारुणक’ नावाने टाळू खरखरीत होऊन खाजणाऱ्या विकाराचे वर्णन आहे. त्याच्या मागचा सूक्ष्मजीव मात्र बराच उशिरा, १८७४ साली, लुई-शार्ल मॅलासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने खपल्यांत पाहिला. त्याच्या नावावरून या बुरशीला ‘मॅलासेझिया’ म्हणतात. ही बुरशी बाहेरून आलेली नसते. ती आपणा सर्वांच्या टाळूवर जन्मभर राहते. बहुतेकांना तिचा उपद्रव होत नाही. काहींची त्वचा तिच्या उपस्थितीवर चिडते, त्वचेच्या पेशी घाईघाईने तयार होतात आणि अपक्व अवस्थेतच पापुद्र्यांनी गळू लागतात. म्हणूनच कोंडा हा अस्वच्छतेचा पुरावा मानू नये, आणि तो संसर्गजन्य तर मुळीच नाही. कोंडा असलेल्या आजीच्या कुशीत नातवंडांनी निःशंक झोपावे.

या बुरशीची एक मोठी विलक्षण गोष्ट आहे. २००७ साली तिच्या एका जातीच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन झाले, तेव्हा दिसले की मेदाम्ले स्वतः तयार करण्यासाठी लागणारे जनुकच तिच्यापाशी नाही. पोट भरण्यासाठी तिला दुसऱ्याच्या स्निग्धतेवर अवलंबून राहावे लागते. आपल्या टाळूतून पाझरणारे तैल ती विघटित करते, त्यातील संपृक्त मेदाम्ले खाऊन टाकते आणि उरलेली, विशेषतः ऑलेइक आम्ल, मागे सोडते. हे ऑलेइक आम्ल संवेदनशील टाळूच्या संरक्षक थरात शिरून त्याला चिडवते. त्यातून खाज, त्यातून पापुद्रे.

आता वाटीतील तेलाकडे पाहू. मोहाच्या बियांच्या तेलात ऑलेइक आम्ल मोठ्या प्रमाणात असते. करंज तेलाचेही तेच, शेंगदाणा तेलाचेही तेच. आधीच चिडलेल्या टाळूवर हे तेल रात्रभर, किंवा पुढच्या न्हाण्यापर्यंत चार-चार दिवस ठेवणे म्हणजे बुरशीला शिधा पुरवणे होय. खोबरेलाबाबत तज्ज्ञांत मतभेद आहेत. त्यातील मेदाम्लांची घडण वेगळी असून ते निरोगी टाळूला सहसा त्रास देत नाही; परंतु खपल्या धरलेल्या, लालसर टाळूवर तेही मुरवून ठेवू नये, असाच सल्ला बहुतेक त्वचारोगतज्ज्ञ देतात. तेलाने भुगा ‘जातो’ असे वाटते त्याचे कारण साधे आहे: तेलाने पापुद्रे केसांना आणि एकमेकांना चिकटून बसतात.

म्हणजे आजींच्या डोक्याला हात लावूच नये का? तसे मुळीच नाही. बोटांच्या त्या स्पर्शाचे मोल औषधाच्या दुकानात मिळणार नाही, हे कोणीही परिचारिका सांगेल. तोच वेळ, तीच पाटी, तीच बोटे ठेवावीत. वाटीत काय असावे एवढेच बदलायचे आहे.

खरोखर कोरडी टाळू

काही वृद्धांची टाळू खरोखरच कोरडी असते, हेही खरे. विशेषतः ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांच्या तैलग्रंथींचे काम मंदावते, आणि डिसेंबर-जानेवारीत गडचिरोलीत पारा १० अंशांच्या आसपास उतरतो तेव्हा हातापायांची त्वचाही पांढरी पडते. अशा वेळी पापुद्रे बारीक, कोरडे, पिठासारखे असतात, त्वचा लाल नसते, आणि पिंढऱ्यांवरही तशीच पांढुरकी रांगोळी दिसते. तेथे न्हाण्यापूर्वी थोडे खोबरेल लावण्यास हरकत नाही. पापुद्रे मोठे, तेलकट, पिवळसर असतील, केस दूर केल्यावर त्वचा लालसर दिसत असेल आणि भुवया किंवा कानांमागेही तोच प्रकार असेल, तर तेल थांबवावे. संशय राहिल्यास महिनाभर तेल पूर्ण बंद ठेवून खाली सांगितल्याप्रमाणे न्हाऊ घालावे आणि फरक पाहावा.

आठवड्याचे दोन वार

उपचाराचा गाभा आहे औषधी शाम्पू. आपल्याकडे सर्वाधिक वापरला जातो तो २ टक्के केटोकोनॅझोलचा. सौम्य कोंड्यासाठी १ टक्का झिंक पायरिथिओनचा शाम्पूही पुरतो. सेलेनियम सल्फाइड आणि कोल टार यांचेही शाम्पू असतात, परंतु पांढऱ्या केसांवर त्यांचा पिवळट डाग राहू शकतो, आणि रुपेरी केसांचा अभिमान असलेल्या आजींना तो रुचणार नाही. कोणता घ्यावा हे एकदा डॉक्टरांना विचारून ठरवावे.

औषध निवडण्यापेक्षा ते लावण्यातच अधिक चुका होतात. आपण शाम्पू केसांना लावतो, फेस करतो आणि लगेच ओततो. औषधी शाम्पूचे काम टाळूवर असते आणि त्याला वेळ लागतो. केस ओले करून भांग पाडत पाडत तो बोटांच्या पेरांनी, नखांनी नव्हे, टाळूला लावावा. कपाळावरील केसांची रेषा, कानांमागील खोबण आणि मानेचा वरचा भाग विसरू नये. मग ३ ते ५ मिनिटे तसेच थांबावे. थंडीत ओल्या डोक्याने पाच मिनिटे बसणे वृद्धांना कष्टाचे वाटते. म्हणून न्हाणे दुपारच्या उन्हात ठेवावे, खांद्यांवर टॉवेल घालावा आणि तेवढा वेळ गप्पांत घालवावा. नंतर कोमट पाण्याने भरपूर धुवावे. कढत पाण्याने खाज क्षणभर थांबते खरी, पण संध्याकाळी दुपटीने येते.

असे आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. पुष्कळ घरांत ज्येष्ठ स्त्रिया अमुक वारी डोक्यावरून न्हात नाहीत. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांचे वर्ज्य वार सोडून, मध्ये दोन-तीन दिवसांचे अंतर राहील असे दोन वार त्यांच्याच संमतीने ठरवावेत. आपण ठरवलेल्या वारापेक्षा त्यांनी ठरवलेला वार अधिक पाळला जातो.

खाज थांबली की घरोघरी बाटली फडताळात जाते आणि दोन महिन्यांनी तक्रार येते की औषध लागू पडले नाही. ते लागू पडले होते. बुरशी टाळूची कायमची रहिवासी असल्यामुळे हे दुखणे मुळासकट उपटले जात नाही, ते ताब्यात ठेवावे लागते. आराम पडल्यावरही आठवड्यातून किंवा पंधरा दिवसांतून एकदा औषधी शाम्पू चालू ठेवावा. मधल्या न्हाण्याला साधा सौम्य शाम्पू चालेल. शिकेकाईने न्हाण्याची सवय असेल तर तीही चालेल. मात्र तिचा चोथा केसांत अडकून कोंड्याचा भास होतो, म्हणून उकळून गाळलेले पाणी घ्यावे. रिठा डोळ्यांत गेल्यास फार झोंबतो, आणि वृद्धांच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया झालेली असेल तर तो टाळलेलाच बरा.

जाड, घट्ट चिकटलेल्या खपल्या असतील तर त्या फणीने खरवडू नयेत. येथे तेलाचा एक मर्यादित उपयोग आहे. औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन उत्तम, कारण ते खनिज तेल असल्याने बुरशीला पचत नाही. ते न मिळाल्यास थोडे खोबरेल. तासभर ठेवावे, खपल्या मऊ झाल्या की औषधी शाम्पूने पूर्ण धुऊन काढावे. लावून ठेवायचे नाही, लावून काढायचे.

पाणी, साबण आणि डोक्यावरचे कापड

चंद्रपूर जिल्ह्यातील अनेक गावांत विंधनविहिरीचे पाणी क्षारयुक्त, जड असते. अशा पाण्यात अंगाचा साबण, आणि काही घरांत चक्क कपड्यांचा साबण, डोक्याला लावला की पाण्यातील क्षारांशी संयोग होऊन पांढरट साका तयार होतो. तो केसांत बसतो, वाळतो आणि कोंड्यासारखाच गळतो. साबणाची अल्कधर्मिता टाळूला अधिक रुक्ष करते ती वेगळीच. शाम्पूने असा साका होत नाही. डोक्यासाठी साबण बंद केल्याने अर्धा त्रास कमी झालेली माणसे असतात. शक्य असेल तर शेवटचे दोन तांबे साठवलेल्या पावसाच्या किंवा नळाच्या पाण्याचे घ्यावेत. राख, सोडा, काळी माती यांनी डोके घासण्याची जुनी रीत आता सोडून द्यावी.

उन्हाळ्याचे आपल्या भागात स्वतंत्र प्रकरण आहे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. एरवी सेबोऱ्हिक डर्मटायटिस थंडीत वाढतो आणि उन्हाळ्यात थोडा निवळतो, परंतु घामाने भिजलेले कापड दिवसभर डोक्याला बांधलेले असेल तर तो दिलासा मिळत नाही. मोहफुले वेचायला, तेंदूपाने तोडायला घरातील साठीपुढची माणसेही पहाटे जंगलात जातात. डोक्याला दुपट्टा हवाच, त्यावाचून ऊन लागेल; आणि सरपणाची मोळी आणायची तर चुंबळही हवी. तो दुपट्टा आणि चुंबळीचे कापड रोज धुऊन उन्हात वाळवावे, दोन कापडे आलटून पालटून वापरावीत, घरी आल्यावर डोके मोकळे करून वारा लागू द्यावा. ओल्या केसांचा अंबाडा बांधणे हीदेखील बुरशीला आवडणारी गोष्ट आहे. उशीचा अभ्रा सुती असावा आणि आठवड्याला बदलावा. चष्म्याच्या काड्या आणि श्रवणयंत्राचा कानामागचा भाग ओलसर कापडाने पुसावा, यंत्रात पाणी जाऊ न देता. तेथील खपल्यांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीसाठी

कंपवात, अर्थात पार्किन्सनचा आजार, असलेल्यांत आणि पक्षाघातानंतर हा विकार अधिक प्रमाणात व अधिक तीव्र आढळतो. कंपवातात त्वचेतून तैल अधिक पाझरते, आणि हात थरथरत असल्याने स्वतः डोके धुणे जमत नाही. काही मानसोपचाराच्या औषधांनीही तो वाढतो. अशा व्यक्तीचे डोके ‘जमेल तेव्हा’ धुतले जाते, आणि ते जमणे महिन्यावर जाते. तेल मात्र रोज लागते, कारण ते झोपल्या झोपल्या लावता येते.

खाटेवर न्हाऊ घालणे वाटते तेवढे अवघड नाही. दोन माणसे हवीत. उशी काढून पाठीखाली व खांद्यांखाली घडी केलेली चादर ठेवावी. एक मोठा टॉवेल गुंडाळून घोड्याच्या नालाच्या आकारात डोक्याभोवती मांडावा, त्यावर प्लास्टिकचा कागद अंथरावा, म्हणजे पन्हाळीसारखा उतार होतो, आणि कागदाचे मोकळे टोक खाटेच्या कडेवरून बादलीत सोडावे. कानांत कापसाचे बोळे, डोळ्यांवर घडी केलेला रुमाल. एकाने मान दोन्ही हातांनी सावरून धरावी, दुसऱ्याने तांब्याने थोडे थोडे कोमट पाणी घालावे. मान मागे लटकवू नये, खाटेच्या लाकडी कडेवर तर कधीच टेकवू नये. वृद्धांच्या मानेतील रक्तवाहिन्यांना तो ताण सोसत नाही. केस लांब असतील तर ते थोडे कापण्याचा विषय प्रेमाने काढावा. संमती न मिळाल्यास दोन सैल वेण्या घालाव्यात.

धुणे लांबत गेले की केसांची जट होते. आपल्या महाराष्ट्रात जटेला देवीचा कौल मानून ती कापू न देण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे, आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते समजुतीने जटा सोडवण्याचे काम वर्षानुवर्षे करीत आले आहेत. श्रद्धेचा प्रश्न बाजूला ठेवून काळजीवाहकाने एवढे ध्यानात घ्यावे की जटेखाली टाळू दिसत नाही. खाली जखम असली तरी कळत नाही, आणि उघड्या जखमेवर माशी बसून अळ्या पडण्याचे प्रकार दुर्लक्षित वृद्धांत घडतात. डोक्याला दुर्गंधी येऊ लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

दुकानातले मलम

गावातल्या मेडिकलवर ‘खाजेचे मलम’ मागितले की पुष्कळदा हाती येते ते तीव्र स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांचे मिश्रण. पहिल्या दोन दिवसांत जादूसारखा गुण येतो, आणि तेथेच घात होतो. थांबवले की खाज उसळते, पुन्हा लावले जाते. महिन्यांनी त्वचा पातळ पडते, सहज फाटते, चेहऱ्यावर बारीक लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, आणि मूळचा आजार इतका बदलून जातो की डॉक्टरांनाही ओळखणे जड जाते. २०१८ साली केंद्र सरकारने अशा स्टिरॉइड मलमांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय करता येणार नाही असा नियम केला, तो याच कारणासाठी. स्टिरॉइड हे वाईट औषध नव्हे. टाळू फार लाल असेल तर डॉक्टर स्वतःच काही दिवसांसाठी त्याचे द्रावण देतात. ‘काही दिवस’ हे शब्द मात्र शब्दशः पाळायचे. केटोकोनॅझोलच्या पोटात घ्यायच्या गोळ्या कोंड्यासाठी कोणी सुचवल्या तर नकार द्यावा. त्या यकृताला अपाय करू शकतात आणि वृद्धांच्या इतर औषधांशी त्यांचे जमत नाही.

लिंबाचा रस खाजवलेल्या टाळूवर आग करतो. कडुनिंबाच्या पाल्याचे गार केलेले पाणी शेवटी ओतल्यास बरे वाटत असेल तर खुशाल ओतावे, त्यावर विसंबून राहू नये. रॉकेल, मग ते उवांसाठी का असेना, डोक्याला लावू नये. त्वचा भाजते आणि चूल जवळ असते.

प्रत्येक खाज कोंड्याची नसते

गडचिरोलीतच डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेता येते हे दाखवले. १९९९ साली तो अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या स्त्रियांच्या शिक्षणात धोक्याची चिन्हे ओळखून बाळाला वेळेवर रुग्णालयात पाठवणे हाही भाग होता. वृद्धांच्या टाळूची गोष्ट तितकी जीवघेणी नाही, पण घरी उपचार करणाऱ्याने येथेही काही चिन्हे जाणली पाहिजेत.

सर्वांत तातडीची आहे नागीण. डोक्याच्या एकाच बाजूला आग, टोचल्यासारखी वेदना किंवा खाज सुरू होते आणि दोन-तीन दिवसांत त्याच बाजूच्या कपाळावर, पापणीवर पाण्याचे फोड उठतात. नाकाच्या शेंड्यावर फोड आला तर डोळ्याला धोका आहे असे समजावे. विषाणूरोधक गोळ्यांचा पुरता लाभ फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्यास होतो. नागिणीच्या तोंडाला शेपूट मिळाली की माणूस दगावतो या समजुतीत तथ्य नाही, पण मंत्र घालायला नेण्यात जे दोन दिवस जातात तेवढ्यात दृष्टी जाऊ शकते.

सोरायसिसच्या खपल्या जाड, कोरड्या, चांदीसारख्या चमकदार असतात, केसांची रेषा ओलांडून कपाळावर येतात आणि कोपर, गुडघे, नखे यांवरही खुणा असतात. उवांची लीख केसाला घट्ट चिकटलेली असते, कोंडा बोटाने झटकला की निघतो. केसांना काळी मेंदी वा रंग लावल्यानंतर एक-दोन दिवसांत टाळू आणि कान सुजून पाझरू लागले तर ती रंगातील रसायनाची ॲलर्जी असते. तो रंग आयुष्यभरासाठी सोडावा. घरातील लहान मुलाच्या डोक्यावर केस तुटून गोल चट्टा पडला असेल तर तो कोंडा नसून गजकर्ण आहे. तो पसरतो, आणि त्याला डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याच लागतात. टक्कल पडलेल्या डोक्यावर महिनाभर न भरणारी जखम किंवा वाढणारी गाठ दाखवलीच पाहिजे. आणि टाळूवर काहीही दिसत नसताना सर्वांगाला खाज असेल तर साखर, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड व रक्ताची तपासणी करून घ्यावी.

एका भीतीचा उल्लेख या दोन जिल्ह्यांत करावाच लागतो. त्वचेवर फिकट चट्टा दिसला की जुन्या पिढीच्या मनात पहिला विचार कुष्ठरोगाचा येतो आणि ती माणसे चट्टा लपवू लागतात. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले, त्याच भूमीत ही भीती अद्याप पुरती विझलेली नाही. कुष्ठरोगाचा चट्टा सहसा खाजत नाही; तो बधिर असतो. केसाळ टाळूवर तो क्वचितच येतो. खाजणाऱ्या, कोंडा गळणाऱ्या टाळूचा त्याच्याशी संबंध लावू नये. अंगावर कोठे बधिर चट्टा असेलच, तर आशाताईंना सांगावे. त्याचा उपचार सरकारी केंद्रांत मोफत आहे आणि तो पूर्ण बरा होतो.

डॉक्टरांपर्यंत पोहोचताना

चार आठवडे नीट उपचार करूनही फरक नसेल, तर तज्ज्ञांना दाखवावे. चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, गडचिरोलीला जिल्हा सामान्य रुग्णालय. सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर आहे. पावसाळ्यात नाले भरले की तो प्रवास सत्तरीच्या माणसाला खाजेपेक्षा जड वाटतो. अशा वेळी सरकारची ‘ई-संजीवनी’ ही मोफत दूरसल्ला सेवा उपयोगी पडते. मोबाइलवरून, किंवा जवळच्या उपकेंद्रातून आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मदतीने डॉक्टरांशी बोलता येते.

त्यासाठी थोडी तयारी करून ठेवावी. केसांचे भांग पाडून टाळूची दोन-तीन छायाचित्रे दिवसाच्या उजेडात काढावीत, त्यापूर्वी दोन दिवस तेल किंवा मलम लावू नये. भुवया व कानांमागचेही एक छायाचित्र घ्यावे. चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे आणि आजवर लावलेल्या मलमांच्या नळ्या, रिकाम्या असल्या तरी, एका पिशवीत ठेवाव्यात. आजी गोंडी किंवा माडिया बोलत असतील तर त्यांच्या शेजारी त्यांची भाषा जाणणारे घरचे कोणी बसवावे. आणि डॉक्टरांनी तेलाविषयी विचारले, तर कोणते तेल, किती आणि किती वेळ ठेवता, ते न लाजता सांगावे.